काशीस जावे की फ्लोरिडास?

आमच्या पणजोबांपुढे म्हातारपणी दोनच प्रश्न होते. एक, दात पडल्यावर सुपारी कशी खायची. आणि दोन, काशीला कधी जायचं. पहिला प्रश्न त्यांनी खलबत्त्याने सोडवला. दुसरा सुटायच्या आत ते स्वतःच सुटले. काशीला निघायचा मुहूर्त दरवर्षी ठरायचा आणि दरवर्षी तुरीची सोंगणी, कुणाची तरी सोयरीक नाहीतर म्हशीचं वेत आडवं यायचं. पण एक गोष्ट मानायला हवी. काशी बरी की रामेश्वर बरं, तिथे घरपट्टी किती पडते आणि पाय मोडला तर हाडांचा डॉक्टर किती मैलांवर आहे, असला तौलनिक अभ्यास करायच्या भानगडीत ते कधी पडले नाहीत.

तो मान आमच्या दादाचा.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. १९८१ साली अकोल्याहून इंजिनिअर होऊन अमेरिकेत क्लीव्हलंडला गेला. 'दोन वर्षांत परत येतो' असं आईला सांगून गेला होता. त्या दोन वर्षांना २०२५ साली चव्वेचाळीस वर्षं पूर्ण झाली. क्लीव्हलंड हे ओहायो राज्यातलं, ईरी सरोवराच्या काठावरचं शहर. हिवाळ्यात वारा त्या सरोवरावरून पाणी उचलतो आणि काठावरच्या लोकांच्या दारात बर्फ करून टाकतो. दादा इतकी वर्षं तो बर्फ फावड्याने बाजूला करत आला. अकोल्यात असताना याच माणसाने अंगणातला पाचोळा कधी उचलला नव्हता, हे मी आपलं नोंद म्हणून सांगतो.

२०२५ च्या फेब्रुवारीत वहिनी टपाल आणायला म्हणून दारापासून वीस पावलांवरच्या पेटीशी गेल्या आणि बर्फावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रिया झाली, हातात काठी आली, आणि दादाने जाहीर केलं, "बस्स झालं आता. जिथे ऊन आहे तिथे जाऊन राहायचं." ऊन कुठे असतं हे अकोल्याच्या माणसाने दुसऱ्याला विचारावं असं काही नाही. पण दादाला हवं होतं ते अमेरिकन ऊन, म्हणजे जे बटण दाबून बंद करता येतं.

मे महिन्यात आम्ही उभयता तिकडे गेलो तेव्हा हीच धामधूम चालू होती. आमच्या सौभाग्यवतींनी वहिनींचं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि मला दादाच्या ताब्यात दिलं. दादाने एक लांबलचक वही काढली. डाव्या बाजूला राज्यांची नावं आणि पुढे रकाने: हवा, कर, दवाखाना, विमानतळ, देऊळ, मराठी मंडळ. शेवटच्या रकान्यात वहिनींच्या अक्षरात लिहिलं होतं, 'कोवळी भेंडी'.

"तू बँकेतला माणूस," दादा म्हणाला. "कर्ज मागायला आलेल्याची सात पिढ्यांची चौकशी करायची तुला सवय. या राज्यांची कर. कोणत्या राज्यात म्हातारे कधी गेले, का गेले, गेल्यावर त्यांचं काय झालं, सगळं काढ. वाचनालय दोन गल्ल्या सोडून आहे."

झालं! लोक अमेरिकेला जाऊन नायगारा बघतात. मी ग्रंथपालबाईंच्या मागे 'म्हातारे' नावाच्या कपाटाकडे निघालो.

तर वाचकहो, पहिला शोध असा लागला की निवृत्त होऊन दुसऱ्या गावी राहायला जाणं ही चाल तिथेही फार जुनी नाही. पूर्वी तिथला म्हातारा हातपाय चालत तोवर काम करी आणि थकला की मुलाच्या घरी ओसरीवर बसे. म्हणजे अगदी आपल्यासारखंच. फक्त ओसरीला ते पोर्च म्हणत. १९२९ नंतरच्या मंदीत बँका बुडाल्या आणि ओसरीसकट घरंही गेली. तेव्हा कॅलिफोर्नियात लाँग बीच गावी फ्रान्सिस टाउनसेंड नावाचा एक डॉक्टर होता. स्वतः साठी ओलांडलेला. १९३३ साली त्याने वर्तमानपत्रात पत्र लिहून एक योजना मांडली: साठीच्या वरच्या प्रत्येकाला सरकारने महिन्याला २०० डॉलर द्यावेत; अट एवढीच की त्याने नोकरी सोडावी आणि ते पैसे महिन्याच्या आत खर्च करून टाकावेत. खर्च करायची सक्ती! जगातली ही एकच योजना असेल की जिला आमच्या सौभाग्यवतींनी वाचताक्षणी पाठिंबा दिला. देशभर या डॉक्टरच्या नावाची मंडळं निघाली, लाखो म्हातारे सभासद झाले आणि राजकारण्यांना घाम फुटला.

ती योजना काही आली नाही. पण १४ ऑगस्ट १९३५ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी सोशल सिक्युरिटीच्या कायद्यावर सही केली. पगारातून थोडं कापायचं आणि पासष्टीनंतर दरमहा द्यायचं. दरमहा मिळणाऱ्या रकमेचा पहिला धनादेश ३१ जानेवारी १९४० चा. तो मिळाला आयडा मे फुलर या बाईंना. व्हरमाँट राज्यातल्या लडलो गावच्या या अविवाहित बाई. वकिलाच्या कचेरीत चिटणीस होत्या. रक्कम २२ डॉलर ५४ सेंट. या बाईंना जरा लक्षात ठेवा. त्या शेवटी पुन्हा येणार आहेत.

दरमहा हातात पैसे येऊ लागल्यावर म्हाताऱ्याला पाय फुटले. आता जायचं कुठे, हे सांगायला माणसं तयारच होती.

पहिलं राज्य फ्लोरिडा. दक्षिणेला लोंबणारं, समुद्रात पाय सोडून बसल्यासारखं. १५१३ मध्ये पोन्स दे लिओन नावाचा स्पॅनिश सरदार तिथे उतरला. तो चिरतारुण्याचा झरा शोधत आला होता, अशी दंतकथा लोकांनी पुढे त्याच्या नावावर खपवली. झरा काही सापडला नाही. पण झरा आहे असं सांगून जमीन विकता येते, हा शोध मात्र पक्का लागला.

तो लावणारा गृहस्थ हेन्री फ्लॅगलर. याचं नाव वाचल्यावर मी वाचनालयातून धावत घरी आलो, कारण हा मूळचा क्लीव्हलंडच्या व्यापारातला! १८७० साली रॉकफेलरने क्लीव्हलंडमध्ये स्टँडर्ड ऑइल कंपनी काढली, त्यात हा भागीदार. पुढे न्यूयॉर्कला गेला. पहिली बायको आजारी. डॉक्टर म्हणाले, हिवाळ्यात फ्लोरिडाला न्या. त्याने नेली. पण तिथे धड हॉटेलं नव्हती, धड रेल्वे नव्हती. बायको १८८१ मध्ये वारली. मग याने स्वतःच तिथे हॉटेल बांधलं (सेंट ऑगस्टीनचं ते हॉटेल १८८८ साली उघडलं, आणि नाव काय? पोन्स दे लिओन!) आणि हॉटेलात माणसं यावीत म्हणून किनाऱ्याने रेल्वे नेली. १८९६ मध्ये गाडी मायामीला पोचली, १९१२ मध्ये थेट समुद्रावरून की वेस्टला. १९३५ च्या वादळाने तो समुद्रावरचा रस्ता मोडला.

"म्हणजे आपल्याच गावचा माणूस बायकोच्या तब्येतीसाठी गेला!" दादाने खूश होऊन फ्लोरिडाला दहापैकी नऊ गुण दिले. मी पुढचं पान वाचून दाखवलं. १९१३ साली त्र्याऐंशी वर्षांचे फ्लॅगलरशेठ पाम बीचच्या आपल्या महालात संगमरवरी जिन्यावरून पडले आणि त्यातच गेले. बर्फाचा एक कण नसलेल्या गावी. दादाने नवाचे आठ केले.

१९२० नंतर तर फ्लोरिडात जमिनीचा बाजारच भरला. उत्तरेतली माणसं न बघता भूखंड घेत आणि मग ते बघायला होडीतून जात. १९२४ साली राज्याने घटनेतच दुरुस्ती करून प्राप्तिकराला आणि वारसाकराला बंदी घातली, श्रीमंत म्हाताऱ्यांनी यावं म्हणून. सप्टेंबर १९२६ च्या वादळाने मायामी झोडपलं, शेकडो माणसं मेली आणि बाजार उठला. पण प्राप्तिकरावरची बंदी राहिली ती आजतागायत.

तरीही उन्हाळ्यात तिथे राहणार कोण? डास, घाम, उकाडा. याचं उत्तर तिथल्याच एका डॉक्टरने काढलं होतं. ॲपलॅचिकोला गावच्या जॉन गोरीला तापाच्या रोग्यांच्या खोल्या थंड करायच्या होत्या. त्याने बर्फ बनवणारं यंत्र काढलं, १८५१ साली त्याचा हक्क नोंदवला, लोक हसले, भांडवल मिळालं नाही आणि १८५५ मध्ये तो दारिद्र्यात मेला. पुढे १९०२ साली ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगायचा आणि रंगावर रंग बसायचा नाही, म्हणून विलिस कॅरियर या तरुण इंजिनिअरने हवेतला दमटपणा काढायचं यंत्र रचलं. कागदासाठी केलेली सोय माणसाला मिळायला आणखी चाळीसेक वर्षं लागली. ती मिळाल्यावर बघा: १९५० साली फ्लोरिडाची वस्ती सुमारे २८ लाख होती, २०२० साली २ कोटी १५ लाख. आता तिथे द व्हिलेजेस नावाचं निवृत्तांचं अख्खं गाव आहे. लोक गोल्फच्या छोट्या गाड्यांतून बाजाराला जातात. भारतीय ज्येष्ठांचीही शांतिनिकेतन नावाची वसाहत आहे, ताव्हारीस गावी. दादाने भेंडीच्या रकान्यात बरोबरची खूण केली.

पण सप्टेंबर २०२२ मध्ये इयन वादळ फोर्ट मायर्सच्या बाजूला आलं. दीडशेच्या आसपास माणसं गेली आणि त्यांत म्हातारीकोतारी फार. घराच्या विम्याचे हप्ते असे चढले की प्राप्तिकर परवडला. काही विमा कंपन्यांनी तर अंगच काढून घेतलं. आता विमावाला जिथून पळतो तिथे माणसाने जावं का, हा प्रश्न बँकेत चाळीस वर्षं घालवलेल्या माणसाने विचारायचा नाही तर कुणी?

"ठीक आहे, ॲरिझोना," दादा म्हणाला. "वादळ नाही, समुद्र नाही, डास नाहीत."

ॲरिझोना म्हणजे वाळवंट. पूर्वी छातीच्या विकाराच्या रोग्यांना डॉक्टर तिथे कोरड्या हवेला पाठवत. म्हाताऱ्यांसाठी म्हणून वेगळं गाव काढायची कल्पना १९५४ साली तिथेच निघाली. गावात म्हातारेच म्हातारे, आणि नाव काय ठेवलं? यंगटाउन! म्हणजे टकल्याचं नाव केशवराव. मग डेल वेब नावाच्या ठेकेदाराने शेजारीच कापसाच्या शेतात सन सिटी बांधली आणि १ जानेवारी १९६० रोजी लोकांना बघायला बोलावलं. त्या दोनतीन दिवसांत लाखभर माणसं आली, मोटारींची रांग मैलोन्‌मैल. पठ्ठ्याने युक्ती केली होती ती अशी, की घरं विकायच्या आधीच गोल्फचं मैदान, करमणुकीचं केंद्र आणि दुकानं तयार ठेवली. नंतर होईल, असं सांगितलं नाही. आपल्याकडच्या बांधकाम व्यावसायिकांनी हा उतारा चौकटीत लावावा.

या गावाचा नियम असा की घरात निदान एक माणूस पंचावन्नच्या वरचा हवा आणि पोराबाळांनी यायचं ते पाहुणे म्हणून. राहायचं नाही. हे मी वाचून दाखवल्यावर वहिनी काठी टेकत बाहेर आल्या. "म्हणजे संध्याकाळी रस्त्यावर एकही पोर ओरडत नाही?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." त्या म्हणाल्या, "मग संध्याकाळ झाली हे कळतं कसं?" आणि परत आत गेल्या.

याच राज्यात लेक हवासू म्हणून एक गाव आहे. करवती बनवणाऱ्या मॅकलॉक नावाच्या उद्योगपतीने ते वसवलं. गिऱ्हाइकांना विमानाने फुकट आणून भूखंड दाखवत. तरी ओढ लागेना म्हणून त्याने १९६८ साली लंडन शहराचा जुना लंडन ब्रिज विकत घेतला, २४ लाख ६० हजार डॉलरला! दगडांवर आकडे घातले, ते बोटीने आणले आणि १९७१ मध्ये वाळवंटात पूल उभा केला. पुलाखाली पाणी नव्हतं. ते मागाहून कालवा खणून आणलं. आमच्याकडे आधी नदीला पूर येतो, मग पूल मंजूर होतो. त्यांनी पूल आणून नदी मंजूर केली.

आता हवेचं. २०२३ च्या जूनअखेरीपासून फिनिक्स शहरात ओळीने ३१ दिवस पारा ४३ अंशांच्या वर होता. "कोरडी उष्णता रे, जाणवत नाही," दादा म्हणाला. आता हे कुणाला सांगतो? जठारपेठेत आम्ही दोघं एकाच खोलीत वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारत वाढलो. फिनिक्सची माणसंही वातानुकूलन यायच्या आधी तेच करत. ओल्या गवतातून वारा घेणारा आपला कूलर तिकडे १९३० नंतर घरोघरी होता. मी म्हटलं, "दादा, ४३ अंशांतच राहायचं असेल तर अकोल्याला ये. भाडं पडणार नाही." ॲरिझोनाचे गुण त्याने पेन्सिलीने लिहिले.

मग कॅलिफोर्निया. इथली हवा म्हणजे बारा महिने आपला मार्गशीर्ष. १८७४ साली इंडियाना राज्यातल्या थंडीला कंटाळलेल्या मंडळींनी मिळून जमीन घेतली आणि वसाहत केली, तिचं पुढे पॅसाडीना झालं. टाउनसेंड डॉक्टरच्या लाँग बीचमध्ये आयोवा राज्यातले निवृत्त शेतकरी इतके, की त्याला समुद्रकाठचं आयोवा म्हणत. त्यांच्या सहली निघत आणि हजारो माणसं जमत. म्हणजे ऊन खायला दोन हजार मैल जायचं आणि तिथे जाऊन आपल्याच तालुक्याचा माणूस शोधायचा. मराठी मंडळाचा रकाना अमेरिकनांच्या वहीतही होता तर!

१९७८ साली तिथे लोकांनी मतदान करून घरपट्टी घराच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधून टाकली आणि वाढही वर्षाला दोन टक्क्यांच्या वर नाही. जुन्या घरात बसलेल्या म्हाताऱ्याला हे अमृत. म्हणून तो घर सोडत नाही आणि नव्याला किमती ऐकूनच फेफरं येतं. दादाने किमतीचा आकडा लिहिला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. "डोंगराकडे आत स्वस्त आहे," तो म्हणाला. होतं स्वस्त. उत्तरेकडे पाइनच्या रानात पॅराडाइज नावाचं गाव होतं. पॅराडाइज म्हणजे स्वर्ग. बेताच्या पैशांत निवृत्त माणसं तिथे घर करून राहत. ८ नोव्हेंबर २०१८ च्या सकाळी वणवा आला आणि काही तासांत गाव जळून गेलं. ८५ माणसं गेली. बहुतेक पासष्टीच्या वरची. कुणाला मोटार चालवता येत नव्हती, कुणाला चालताच येत नव्हतं. हे वाचून झाल्यावर त्या दिवशी आम्ही वही मिटली.

दुसऱ्या दिवशी उरलेली राज्यं. टेक्सासला प्राप्तिकर नाही, पण घरपट्टी सणसणीत. आणि उबेला म्हणून गेलेली माणसं फेब्रुवारी २०२१ मध्ये वीज जाऊन तिथेच गारठली. दोनशेच्या वर मेली. नॉर्थ कॅरोलायनात 'हाफबॅक' म्हणून एक जमात आहे. म्हणजे उत्तरेतून फ्लोरिडाला गेलेली, तिथे विटलेली आणि परत येताना अर्ध्या वाटेवरच थांबलेली माणसं. त्यांचं आवडतं ॲशव्हिल गाव डोंगरात, समुद्रापासून शेकडो मैल लांब, म्हणून वादळापासून निर्धोक. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाचं पाणी तिथेही चढलं.

मुलांजवळ जावं म्हटलं तर मुलगी सिअ‍ॅटलला, मुलगा बॉस्टनला. मध्ये अख्खी अमेरिका. शिवाय दोघं तीन वर्षांनी नोकरी बदलतात. नातवंडांच्या मागे जायचं तर घर घेण्यापेक्षा ट्रकच घेतलेला बरा.

सगळ्यात गंमत अशी, की माणसांचं मधलं वय पाहिलं तर अमेरिकेतलं सर्वांत म्हातारं राज्य फ्लोरिडा नाहीच. ते आहे मेन, कॅनडाला टेकलेलं, बर्फातलं. तिथे तरुण राहिले नाहीत म्हणून. मुंबईने माणसं नेल्यावर कोकणात जशी घरं राखायला म्हातारी उरली, तसंच. खुद्द क्लीव्हलंडची गोष्टही तीच. १९५० साली शहराची वस्ती नऊ लाखांच्या वर होती, २०२० मध्ये पावणेचार लाखही नाही. पोलादाचे कारखाने गेले, माणसं गेली. १९६९ साली तर इथली कायाहोगा नदी तेलकट घाणीने पेटली होती. नदी पेटलेल्या गावाला वहीत हवेचे गुण काय द्यायचे? दादाने शून्य दिलं. दवाखान्याला मात्र दहा. हृदयाच्या बायपासची शस्त्रक्रिया १९६७ मध्ये डॉक्टर फावालोरोंनी नावारूपाला आणली ती याच गावातल्या रुग्णालयात.

बेरजा झाल्या. पहिला फ्लोरिडा, सर्वांत खाली क्लीव्हलंड. मी बँकेच्या सवयीने खाली दोन रेघा ओढल्या.

वहिनींनी वही मागितली. सगळी पानं वाचली. म्हणाल्या, "भाऊजी, एक रकाना राहिला. पडलं तर कोण येईल?"

दादा म्हणाला, "अगं, तिकडे बर्फच नाही तर पडशील कशाला?"

"तुमचे ते फ्लॅगलर कशाला पडले?"

मग त्यांनी मला त्या दिवशीची हकीकत सांगितली. दादा सामान आणायला गेला होता. फोन घरात. त्या बर्फात पडलेल्या, हलता येत नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. समोरच्या घरात एक अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाई एकट्या राहतात. शाळेची बस चालवायच्या. नवरा गेल्यापासून त्यांच्या दारातला बर्फ दादाच काढतो. वहिनी रोज अकराला टपालाला जातात आणि अकरा पाचला परत येतात, हे त्या बाईंना खिडकीतून बघून पाठ होतं. त्या दिवशी अकरा पाच झाले आणि वहिनी परत आल्या नाहीत. बाईंनी रुग्णवाहिका बोलावली, घोंगडी घेऊन आल्या, हलवू नये हे त्यांना ठाऊक होतं म्हणून वहिनींच्या अंगावर ती टाकली आणि स्वतः शेजारी बर्फात बसल्या. "सारख्या बोलत होत्या," वहिनी म्हणाल्या. "दुखत इतकं होतं की अर्धं मला कळलंच नाही. पण त्यांनी थांबू नये असं वाटत होतं."

दादा गप्प झाला. मला वाचनालयात वाचलेली एक गोष्ट आठवली. कुठल्याच रकान्यात बसेना म्हणून मी ती लिहिली नव्हती. जुलै १९९५ मध्ये शिकागोत उष्णतेची लाट आली आणि सातशेच्या वर माणसं मेली. त्यांत बरीच म्हातारी, एकेकटी, बंद खोल्यांत. पुढे एरिक क्लिननबर्ग या समाजशास्त्रज्ञाने शेजारशेजारच्या दोन गरीब वस्त्या तपासल्या. हवा एकच, हलाखी जवळपास सारखी. पण एकीत माणसं कितीतरी कमी दगावली होती. तिथे रस्त्यावर दुकानं होती, वर्दळ होती, म्हातारी माणसं बाहेर पडत आणि न दिसली तर कुणाच्या तरी लक्षात येई. दुसरीत अर्धीअधिक घरं ओस. घराबाहेर पडायला कारण नाही आणि भीती मात्र होती.

मी नवा रकाना आखला. फ्लोरिडापुढे काय लिहायचं? ॲरिझोनापुढे? दादा पेन हातात घेऊन बराच वेळ बसला. मग क्लीव्हलंडपुढे त्याने समोरच्या बाईंचं नाव लिहिलं. बाकीचे रकाने कोरे राहिले.

"पण ती अठ्ठ्याहत्तरची आहे," तो म्हणाला. "उद्या तीच पडली तर?"

"तर आपण जाऊ," वहिनी म्हणाल्या. "मला आता काठीने जायला वीस मिनिटं लागतील, पण जाऊ."

आता त्या आयडा मे फुलर बाई. तीन वर्षांत मिळून त्यांच्या पगारातून २४ डॉलर ७५ सेंट कापले गेले होते. त्यांना एकूण मिळाले २२,८८८ डॉलर ९२ सेंट, कारण त्या १९७५ पर्यंत, शंभरी पूर्ण करून जगल्या. सरकारी खजिन्याला एवढं बुडवणारं दुसरं खातं माझ्या पाहण्यात नाही. फ्लोरिडाची रेल्वे होती, सन सिटीची जाहिरात होती, पुढे तर लंडनचा पूलही आला. बाई कुठे गेल्या? कुठेही नाही. आयुष्यभर व्हरमाँटच्या बर्फातच राहिल्या. आणि बहुसंख्य अमेरिकन तेच करतात. निवृत्तीनंतर गाव सोडणारे थोडे. पण बाजार त्यांचाच मोठा, म्हणून आवाज त्यांचा.

दादाने घर विकलं नाही. झोपायची खोली वरून खाली आणली, न्हाणीघरात धरायला दांडे बसवले आणि टपालपेटी दाराशी आणून ठोकली. जानेवारी-फेब्रुवारी दोघांनी अकोल्याला यायचं ठरलं. त्या दिवसांत इथलं ऊन बिनबटणाचंही चालतं. समोरच्या बाईंचा बर्फ तेवढ्यात कोण काढणार, यासाठी दादाने कोपऱ्यावरच्या घरातला मुलगा ठरवला आहे, पैसे आगाऊ देऊन.

आम्ही परत आलो. पुण्याचा आमचा मुलगा फोनवर म्हणत असतो, "बाबा, तुम्ही आता इकडेच या. वाकडला फ्लॅट बघून ठेवलाय. लिफ्ट आहे, दवाखाना जवळ आहे." मीही एक वही काढली आणि सवयीने रकाने आखले. पहिला रकाना वहिनींचा घातला. त्यात अकोल्यापुढे समोरच्या मास्तरांचं नाव लिहायला गेलो आणि पेन अडलं. आमच्या कूलरचं पाणी त्यांच्या दारात जातं यावरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद होतं.

संध्याकाळी कॅलिफोर्नियाच्या बदामांची पुडी घेऊन रस्ता ओलांडला. मास्तरांनी दार उघडलं, पुडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"दात राहिले नाहीत," ते म्हणाले.

मी तसाच उभा राहिलो. मास्तर आत वळून ओरडले, "अहो, ऐकलंत का? तो खलबत्ता काढा जरा."